स्मारकाला निधी, संशोधकाला हेटाळणी

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. मार्च २०२२ च्या अर्थसंकल्पात तेथील स्मारकासाठी २५० कोटी रुपयांची घोषणा तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी केली. स्मारकाला कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. परंतु याच नेत्याने डिसेंबर २०२३ मध्ये, उपमुख्यमंत्री असताना, नागपूर अधिवेशनात पीएच.डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार आहेत, असा सवाल केला. प्रश्न 'सारथी'च्या अधिछात्रवृत्तीच्या २०० जागांच्या मर्यादेचा होता. इतिहासपुरुषाच्या नावे बांधकाम करताना तिजोरीला काही विचारावेसे वाटत नाही. शेतकरी-मजुराच्या पोराने त्याच इतिहासाची कागदपत्रे वाचायची म्हटले की तिला उपयुक्ततेची आठवण होते!

संशोधनाने कोणता दिवा लागतो याचे उत्तर वढूनेच द्यावे. संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी दोन परंपरा सांगितल्या जातात. त्यांतील एक गोविंद गोपाळ महार यांचे नाव घेते आणि त्यांचीही समाधी याच गावात आहे. हा वाद दप्तरांत, मोडी कागदांत, अभ्यासकांच्या खुल्या चर्चेत लढला जावयास हवा होता. तो लढला गेला फलकावर. २९ डिसेंबर २०१७ रोजी गोविंद गोपाळांच्या समाधीची नासधूस झाली आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार उसळला. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला आरंभी चार महिने दिले होते. पुढे मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. जेथे स्वतंत्र संशोधन दुबळे असते तेथे जमाव इतिहास लिहितो.

असे संशोधन दलित, बहुजन घरांतील तरुणांनी करावे यासाठीच 'बार्टी', 'सारथी' आणि 'महाज्योती' या संस्था जनतेच्या पैशाने चालतात. त्यांचा कारभार मात्र कृपादानासारखा. जाहिरात निघते, अर्ज येतात, विद्यार्थी नोकरी सोडून मार्गदर्शकाच्या दारी बसतो आणि मग जागा किती, याचा विचार सुरू होतो. २०२३ च्या ऑक्टोबरात 'समान धोरणा'च्या नावाखाली जागांना मर्यादा घालण्यात आल्या. समता म्हणजे सर्वांना सारखेच उपाशी ठेवणे, अशी ही नवी व्याख्या! तिचा दुसरा लाभ असा की, एका समाजाचा विद्यार्थी दुसऱ्या समाजाच्या विद्यार्थ्याकडे संशयाने पाहू लागतो आणि मंत्रालय सुखाने झोपते.

याच सुमारास चाळणी परीक्षेचा प्रकार घडला. २४ डिसेंबर २०२३ च्या परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका आली. ती परीक्षा रद्द झाली. १० जानेवारी २०२४ रोजी फेरपरीक्षा झाली, तेव्हा काही प्रश्नपत्रिका मोहोरबंद नसल्याचे आढळले आणि विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. ज्यांची गुणवत्ता तपासायची त्यांच्याकडून काटेकोरपणाची अपेक्षा, आणि तपासणाऱ्याला कोणी जाब विचारावयाचा नाही! दोन वेळा असे घडल्यावर दोष एखाद्या कारकुनाच्या माथी मारून भागत नाही.

सरकारी गोटातून असे सांगितले जाते की, पैसा मर्यादित आहे, काही संशोधन निकृष्ट असते, काहीजण केवळ विद्यावेतनासाठी नोंदणी करतात. असे असेलही. पण निकृष्टता शोधण्याचा मार्ग प्रगतीचे जाहीर मूल्यमापन हा आहे. मंत्र्याची कुत्सित टिप्पणी हा नव्हे. आणि मर्यादाच घालायची तर ती अर्जापूर्वी जाहीर करावी. खेळ रंगात आल्यावर नियम बदलणाऱ्याला पंच कसे म्हणायचे?

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक संस्थांनी कोणी न मागताही आपला कारभार प्रसिद्ध करावयाचा आहे. म्हणजे आलेले अर्ज, निवडीचे निकष, सर्वांचे गुण, नाकारण्याची कारणे, हप्त्यांच्या तारखा आणि विद्यावेतनाऐवजी कार्यक्रम-जाहिरातींवर झालेला खर्च विद्यार्थ्याने मागे लागण्यापूर्वीच लोकांपुढे असला पाहिजे. यावर देखरेख करण्यास खात्याच्या सचिवांची समिती पुरेशी नाही. तीत संशोधकांचे निवडून आलेले प्रतिनिधी आणि खात्याबाहेरचे अध्यापक हवेत, व तिचा अहवाल दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवला पाहिजे. शिरूर-दौंडच्या कार्यकर्त्यांनी वढूच्या २५० कोटींचा हिशेब जरूर मागावा. त्याच अर्जात आपल्या तालुक्यातील किती मुलांची अधिछात्रवृत्ती कोणत्या कारणाने अडली, हेही विचारावे.