पुन्हा पुन्हा एम्. आर. आय. : भय कशाचे धरावे?

गेल्या पंधरवड्यात जव्हारचे एक जुने स्नेही भेटावयास आले होते. त्यांच्या मातोश्रींच्या मस्तकातील गाठीवर शस्त्रक्रिया झाली असून, गाठ पुन्हा उद्भवते की काय हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी ठराविक काळाने एम्. आर. आय. करविण्यास सांगितले आहे. दोनदा तो झाला. तिसऱ्या वेळी घरात मतभेद पडला. "या वयात इतके किरण अंगात घेणे बरे नव्हे," असे वडील बंधूंनी म्हटले, आणि तेवढ्यावरून ठरलेला दिवस टळला. "मास्तर, यात तथ्य किती?" हा स्नेह्यांचा प्रश्न.

हीच शंका पुष्कळ घरांत असते, म्हणून उत्तर येथेच देतो. क्ष-किरण किंवा सी. टी. स्कॅन यांतील अपायकारक किरण या यंत्रात मुळीच नसतात. येथे कार्य करतात ती चुंबकशक्ती आणि रेडिओलहरी. शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे असंख्य अणू आहेत. चुंबक त्यांच्या केंद्रांना एका दिशेस वळवितो, लहरी त्यांना क्षणभर ढळवितात, आणि ती पूर्वस्थितीस येताना जे संकेत देतात त्यांवरून चित्र सिद्ध होते. सबब, चाचण्यांचा दोष अंगात साठत जातो, असे आजवर आढळलेले नाही.

मात्र कधी कधी चित्र स्पष्ट दिसावे म्हणून गॅडोलिनियम या धातूचे औषध शिरेतून देतात. त्याचा अल्पांश मेंदूत राहतो, असे २०१४ पासून दिसून आले आहे. त्यामुळे अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु ज्यांची मूत्रपिंडे फार क्षीण आहेत, त्यांना यातील काही जुन्या औषधांनी त्वचा ताठरण्याचा कठीण विकार जडला आहे. यास्तव प्रत्येक वेळी औषध आवश्यकच आहे काय, हे विचारावे आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी सांगावा.

खरे भय चुंबकाचे. १.५ टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट प्रबळ असतो, आणि चाचणी चालू नसतानाही तो जागाच असतो. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे नळकांडे घेऊन त्या खोलीत गेलेला एक तरुण यंत्राकडे ओढला जाऊन मृत्यू पावला. तो रुग्ण नव्हता. रुग्णाचा आप्त होता! म्हणून सोबत जाणाऱ्यानेही सावध असावे. अतिपरिचयाने अवज्ञा होते. "पूर्वी दोनदा झाले आहे," हा परवाना नव्हे. मधल्या काळात पेसमेकर बसविला असेल, कानात यंत्र घातले असेल, डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर ते दर वेळी नव्याने सांगावे. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या घरीच काढून ठेवाव्यात. त्यात अशुभ काही नाही.

आता व्यवहार. जव्हार-मोखाड्याकडून नाशिकास जावयाचे म्हणजे घाटाचा रस्ता आणि अख्खा दिवस. शिवाय अर्धा-पाऊण तास त्या खडखडाटात निश्चल पडणे वृद्धांस जड जाते. तेव्हा आधीची चित्रे व अहवाल सोबत न्यावेत, कारण तुलना हाच या चाचणीचा प्राण आहे. आणि डॉक्टरांस एवढेच विचारावे: "या चाचणीने उपचारात काय फरक पडेल?" फरक पडणार असेल तर अनमान करू नये, पडणार नसेल तर केवळ मनाच्या समाधानार्थ ती मागू नये.

स्नेह्यांनी हे घरी वाचून दाखविले. मातोश्री पुढील सोमवारी नाशिकास जाणार आहेत. सोबत वडील बंधूच आहेत.