नव्वद मिनिटांचा पराक्रम

माल्टाला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक ठरलेला फोटो असतो. खाली गडद निळं पाणी, वर मधाच्या रंगाचे तट, आणि कोपऱ्यात बोटीच्या कठड्यावर कुणाचा तरी हात. माझ्याही फोनमध्ये आहे. हात आईचा आहे. फोटो सुंदर आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते तो फोटो काढताना बोटीच्या स्पीकरमधून जे ऐकू येत होतं त्याच्याशी. आणि जे येत नव्हतं त्याच्याशी जास्त.

कामानिमित्त मी तीन महिने माल्टात होते. आई-बाबा दहा दिवसांसाठी आले, तेव्हा सगळे करतात तेच आम्ही केलं. स्लीमाच्या धक्क्यावर माणशी वीसेक युरो मोजले आणि दोन बंदरांच्या फेरीच्या बोटीत बसलो. फेरी दीड तासाची. आधी मार्सामशेट बंदर, मग सेंट एल्मोच्या टोकाला वळसा घालून ग्रँड हार्बर. या दोन बंदरांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर व्हॅलेटा शहर उभं आहे. जिकडे बघाल तिकडे तट, बुरूज, खंदक.

बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. आई फोटो काढत होती, बाबा दगड बघत होते. सेंट एल्मोच्या खालून जाताना ते म्हणाले, "दगड इथलाच दिसतोय. पण एवढा तोडला कुणी? वर चढवला कुणी?"

मी म्हटलं, "ऐका की, सांगतील."

दीड तासात कुणी सांगितलं नाही.

काय सांगितलं ते आधी प्रामाणिकपणे लिहिते. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने सेंट जॉनच्या नाइट्सना हे बेट दिलं, बदल्यात वर्षाला एक ससाणा घेतला. १५६५ मध्ये ऑटोमन आरमाराने वेढा घातला. सेंट एल्मो जवळपास महिनाभर झुंजला आणि २३ जूनला पडला. तुर्कांनी मेलेल्या नाइट्सची प्रेतं पाण्यात सोडली. ग्रँड मास्टर ला व्हॅलेटने उत्तर म्हणून तुर्की कैद्यांची डोकी उडवून ती तोफेतून डागली. (इथे बोटीवर एक सामुदायिक "ओह" झालं.) सप्टेंबरमध्ये वेढा उठला आणि पुढच्या वर्षी ला व्हॅलेटने नव्या शहराची पायाभरणी केली. मग नेपोलियन, मग ब्रिटिश, मग दुसऱ्या महायुद्धातली बाँबफेक आणि बेटाला मिळालेला जॉर्ज क्रॉस. यातलं काहीही खोटं नाही.

आणि मग सिनेमे. मानोएल बेटावरच्या किल्ल्यात 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या नेड स्टार्कचं डोकं उडवलं ते दृश्य झालं. रिकासोली किल्ल्यात 'ग्लॅडिएटर'साठी रोमच्या कोलोसियमचा एक भाग उभा केला होता. मी घड्याळ लावलं होतं. सिनेमांना साधारण साडेतीन मिनिटं मिळाली. गुलाम हा शब्द संपूर्ण फेरीत एकदाच आला. तोही 'ग्लॅडिएटर'ची गोष्ट सांगताना.

हे वाक्य पुन्हा वाचा. ज्या बंदरात माणसं विकली गेली, त्या बंदरात गुलामगिरीचा एकुलता एक उल्लेख एका सिनेमाच्या नायकापुरता होतो.

आता कर्ण्याने न सांगितलेलं. नाइट्सच्या माल्टाची अर्थव्यवस्था मोठ्या प्रमाणावर लुटीवर चालायची. त्यांची जहाजं, आणि त्यांच्या परवान्याने फिरणारे खासगी चाचे, भूमध्य समुद्रात मुसलमानांची गलबतं पकडत. माल विकला जाई, माणसंही विकली जात. धडधाकट पुरुष गॅलीच्या वल्ह्यांना साखळीने जखडले जात. बाकीचे घरकामाला, बांधकामाला, ओझी वाहायला. व्हॅलेटात गुलामांसाठी मोठा तुरुंग होता, रात्री त्यांना तिथे कोंडत. १५६५ च्या वेढ्यात पडणाऱ्या तटांची डागडुजी करायला तोफांच्या माऱ्यात गुलामांना उभं केलं गेलं. म्हणजे त्यांच्याच बाजूच्या गोळ्यांसमोर. पुढे शहर उभं राहिलं ते माल्टा-सिसिलीच्या मजुरांच्या आणि या गुलामांच्या हातांनी. १७४९ मध्ये गुलामांनी ग्रँड मास्टर पिंटोला मारून बेट ताब्यात घेण्याचा कट केला. तो आधीच फुटला आणि अनेकांना हालहाल करून मारलं गेलं. गुलामगिरी संपली ती जून १७९८ मध्ये. तीही नाइट्सना उपरती झाली म्हणून नव्हे, तर इजिप्तला निघालेल्या नेपोलियनने वाटेत बेट जिंकलं म्हणून.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ आहे. सांगायला चाळीस सेकंद लागतात.

किल्ल्यांची नावंच बघा. व्हॅलेटा हे ला व्हॅलेटचं. मानोएल किल्ला ग्रँड मास्टर मानोएल दी व्हिल्येनाचा. रिकासोली हे किल्ल्याला पैसे देणाऱ्या नाइटचं नाव, तिन्ये हेही तसंच. आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात, तसा हा सगळा किनारा आहे. पाथरवटाचं नाव पायरीवर नसतं हे आपल्याला ठाऊक असतं. पण निदान पायरी देणगीदाराने स्वतः घडवली असं कुणी माइकवरून सांगत नाही.

या सगळ्यावर जी उत्तरं मिळतात ती मला पाठ आहेत.

पहिलं: लोक सुट्टीवर आलेले असतात, त्यांना कशाला जड काही ऐकवायचं? पण मग तोफेतून उडवलेली मुंडकी हलकी कशी? रक्ताला आक्षेप नाहीच, रक्त खपतं. खपत नाही ती मेहनत. साखळीला बांधून वर्षानुवर्षं वल्हं ओढणारा माणूस कंटाळवाणा असतो. त्याच्या आयुष्यात क्लायमॅक्स नाही.

दुसरं: त्या काळी सगळेच तसे होते. खरंय. १५५१ मध्ये द्रागुतच्या आरमाराने शेजारच्या गोझो बेटावरची जवळजवळ सगळी वस्ती, काही हजार माणसं, गुलाम म्हणून उचलून नेली. उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत ख्रिस्ती गुलाम होते, माल्टात मुसलमान. मग दोन्ही सांगा! "सगळेच करत होते" हे सगळ्यांचं सांगण्याचं कारण आहे, कुणाचंच न सांगण्याचं नव्हे. शिवाय 'सगळे' म्हणताना आपण फक्त मालकांना मोजतो. वल्ह्याला बांधलेल्या माणसाला ही त्या काळची रीत वाटत असती, तर १७४९ चा कट झाला नसता.

तिसरं उत्तर मला जास्त बोचतं, कारण ते मीच एकदा दिलं आहे: हे सगळं पुस्तकांत, संग्रहालयांत आहेच, ज्याला हवं तो वाचेल. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही पर्यटकांसाठी ऑडिओ गाइडचं ॲप बनवत होतो. लोक कुठल्या सेकंदाला ऐकणं सोडतात याचा आलेख रोज सकाळी समोर यायचा. मजूर, रोगराई, कर, दुष्काळ असं काही आलं की रेघ खाली यायची. राजा, राणी, खजिना आला की टिकायची. आम्ही पडणारे भाग कापत गेलो. मीही कापले. कुणीही आम्हाला इतिहास लपवा असं सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त रेघ सरळ करत होतो.

गाण्याची एमपीथ्री फाइल लहान होते, कारण कानाला जाणवणार नाही असं मानलेला आवाज त्यातून काढून टाकतात. इतिहासाचंही तेच होतं. फक्त कुणाच्या कानाला जाणवणार नाही, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. आणि एकदा काढलेला आवाज त्या फाइलमधून परत मिळत नाही. त्या बोटीवरच्या बहुतेक माणसांसाठी माल्टाचा इतिहास म्हणजे तीच फाइल.

यात आपलंही काही कापलं गेलं आहे. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर ब्रिटनला रशियाला दम भरायचा होता, म्हणून पंतप्रधान डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे ७,००० सैनिक माल्टाला आणले. मुंबईहून जहाजं निघाली. त्यात गुरखे होते, पंजाबी होते, मद्रासी होते आणि मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. पार्लमेंटला न विचारता हिंदी फौज युरोपात आणणं कायदेशीर आहे का, यावर लंडनमध्ये मोठा वाद झाला. लढाई मात्र झालीच नाही. उन्हाळ्यात त्यांना सायप्रसला हलवलं. म्हणजे ही माणसं समुद्र ओलांडून आली ती दिसण्यासाठी. साम्राज्याकडे किती माणसं आहेत, हे रशियाला दाखवण्यासाठी. आज त्याच पाण्यातून आपण तिकीट काढून बघायला जातो, आणि कधीकाळी आपलीच माणसं इथे बघण्याची वस्तू होती याचा पत्ता आपल्याला नसतो.

कुणी म्हणेल, चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी आज एवढा त्रागा कशाला? कारण इतिहास एकदा देखावा झाला की देखावा विकता येतो. तिन्ये किल्ल्याच्या शेजारी आज उंच इमारती आहेत, समुद्राकडे खिडक्या असलेले महागडे फ्लॅट. तिन्ये आणि मानोएल बेट, दोन्ही ठिकाणच्या जमिनी २००० मध्ये एकाच करारात खासगी विकासकाला दीर्घ मुदतीने दिल्या गेल्या. मानोएल बेटाचं सार्वजनिक उद्यान व्हावं म्हणून माल्टातल्या सामान्य माणसांना २०२५ मध्ये हजारोंच्या सह्या गोळा कराव्या लागल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: ही जागा आमची आहे. नाइट्सची शौर्यगाथा त्यांना इथे उपयोगी नाही. नाइट्सच्या राज्यात माल्टीज माणसाला पूर्ण दर्जाचा नाइटही होता येत नसे. १५६५ मध्ये नाइट्स होते पाचेकशे, लढणाऱ्यांत बहुसंख्य होते माल्टीज. तट ज्यांनी बांधले आणि लढवले त्यांचं नाव त्यावर असतं, तर तो 'व्ह्यू' म्हणून विकणं इतकं सोपं गेलं नसतं.

आपण शहाणे आहोत असं मी म्हणत नाही. मुरूड-जंजिऱ्याच्या होडीत मी लहानपणापासून तीनदा बसले आहे. अजिंक्य किल्ला, कलालबांगडी तोफ, हे सगळं तोंडपाठ आहे. आफ्रिकेतली माणसं कोकणच्या किनाऱ्यावर आली कशी, त्यातली किती विकली जाऊन आली, हे मी तिन्ही वेळा विचारलं नाही.

माझी मागणी क्रूझ बंद करा अशी नाही. समुद्रावरून तो तट बघावाच, तो बांधला गेला तेव्हा समुद्रावरून येणाऱ्यालाच दिसण्यासाठी होता. माझी मागणी चाळीस सेकंदांची आहे. सिनेमांच्या साडेतीन मिनिटांतून ती काढा. आणि तुम्ही, वाचणारे, पुढच्या वेळी कुठल्याही किल्ल्याच्या बोटीत बसलात की फोटो झाल्यावर एकच प्रश्न मोठ्याने विचारा. उत्तर न आलं तरी चालेल. शेजारच्या चार जणांनी प्रश्न ऐकला तरी पुरे.

उतरताना धक्क्याला दोर बांधणारा खलाशी बाबांशी हिंदीत बोलायला लागला. केरळचा होता. २०२१ च्या जनगणनेनुसार माल्टात पाचातला एक माणूस परदेशी आहे, त्यांतला एक. तो गुलाम नाही, पगारी नोकर आहे, ही तुलना मी करणार नाही. त्याने सांगितलं की दिवसाला चार फेऱ्या होतात आणि ती टेप त्याला पूर्ण पाठ झाली आहे. कुठे "ओह" येतं तेही.

बाबांनी त्याला विचारलं, "मग हे बांधलं कुणी?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "टेपमध्ये नाही, अंकल. पण आमच्यासारख्यांनीच बांधलं असेल ना?"