गाडी रात्रीची, दिवस मोकळा

बटाट्याची काढणी उरकली, पट्टी हातात आली की आपल्या सातगाव पठारावर प्रवासाचे बेत सुरू होतात. कुणी काशीला निघतं, कुणी जगन्नाथपुरीला, कुणाची लेक बडोद्याला तर कुणाचा मुलगा दुबईला. आंबेगाव-जुन्नरला अजून रेल्वे आलेली नाही. लांबची गाडी धरायची तर पेठच्या माणसाला आधी पुणं, कल्याण नाहीतर मुंबई गाठावी लागते. वाटेत एसटी अडकली तर काय, या धास्तीने आपण चांगले सहा-सात तास आधी पोचतो. मग फलाटावर चादर अंथरायची, पिशव्या मांडीखाली घ्यायच्या, घरून आणलेली चपाती-चटणी खायची आणि गाडी लागेपर्यंत इंडिकेटरकडे बघत बसायचं.

मंडळी, या बसण्यातून जरा उठा, एवढंच सांगायचं आहे.

मुंबई काही आपल्याला परकी नाही. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळची माणसं शंभराहून जास्त वर्षं तिथे डबे पोचवत आली आहेत. आपला माल रातोरात वाशीच्या मार्केटला उतरतो. पण हे सगळं नातं कामाचं. काम झालं की परतीची गाडी. सवडीने मुंबई बघायची तर चार दिवस हवेत असं आपण धरून चालतो, आणि ते चार दिवस शेतकऱ्याला कधीच मिळत नाहीत. चार-पाच तास मात्र अशा प्रत्येक प्रवासात मिळतात. तेवढ्यात मुंबई होणार नाही, पण मुंबईचा एक रस्ता नक्की होईल. तेवढाच बघा, पण नीट बघा.

आधी वेळेचा हिशेब, आणि तो उलटा करायचा. समजा, गाडी रात्री नऊची, सीएसएमटीवरून. सव्वाआठला फलाटावर हवं. त्याआधी सामान सोडवणं, जेवण, पाण्याच्या बाटल्या, म्हणजे सातला स्टेशनवर परत. दुपारी बाराला पोचलात आणि सामान ठेवण्यात एक वाजला, तर हातात सहा तास उरतात. त्यातला एक तास हिशेबात धरूच नका. पावसाळ्यात दोन धरू नका, कारण लोकल कधी थांबेल ते सांगता येत नाही. उरलेले तास तुमचे.

तिकिटावर दोन गोष्टी घरीच वाचून ठेवा. पहिली, गाडी सुटते कुठून. सीएसएमटी, दादर, कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस ही सगळी मुंबईच असली, तरी एकीकडून दुसरीकडे जायला तास-दीड तास सहज लागतो. दुसरी गोष्ट तारीख. काशीला जाणारी महानगरी मध्यरात्रीनंतर सुटते. अशा गाडीच्या तिकिटावर रविवार असेल, तर शनिवारी रात्रीच स्टेशनवर हजर राहावं लागतं. रविवारी रात्री गेलात तर गाडी आदल्याच रात्री गेलेली असते.

मग सामान. पिशव्या घेऊन कुणालाही शहर बघता आलेलं नाही. मोठ्या स्टेशनवर क्लोक रूम असते. तिथे प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं. नायलॉनच्या पिशवीला कुलूप कुठे लावणार? म्हणून कुलपाची एक तरी बॅग न्या आणि सुटं सामान तिच्यात कोंबा. पैसे, दागिने, औषधं आणि तिकीट मात्र अंगावरच ठेवा. पावती जपून ठेवा, आणि क्लोक रूम किती वाजता बंद होते हे तिथेच विचारून घ्या.

आता तो एक रस्ता. सीएसएमटी ते गेटवे, चालत अडीच किलोमीटरच्या आसपास. आपल्या पठारावरच्या माणसाला एवढं चालणं म्हणजे काहीच नाही.

सुरुवात स्टेशनपासूनच करा. आपण त्या इमारतीत उतरतो आणि तिच्याकडे न बघताच निघून जातो. रस्ता ओलांडून समोर उभे राहा आणि वळून बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाने हिचा आराखडा केला आणि १८८७ साली राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तिला व्हिक्टोरियाचं नाव दिलं. आता तिथे शिवनेरीवर जन्मलेल्या राजाचं नाव आहे. २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा यादीत आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे, तो शोधून नातवंडांना दाखवा. इथूनच, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने, कमानींच्या सावलीतून सरळ चालत राहा. पंधरा-वीस मिनिटांत हुतात्मा चौक येतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांचं हे स्मारक आहे. मुंबई महाराष्ट्रात आहे ती यांच्यामुळे, तेव्हा दोन मिनिटं तिथे थांबा. पुढे उजव्या हाताला विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर दिसतो. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव दिलं. १८७८ मध्ये तो बांधून झाला. काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिथे चित्रं बघायला पैसे पडत नाहीत. चित्रातलं आपल्याला काय कळतं, म्हणून बाहेर थांबू नका. बघायला कळावंच लागतं असं नाही.

शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. बायामाणसं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर इथलं तिकीट काढाच. आत सावली आहे, बसायला जागा आहे, स्वच्छतागृह आहे, आणि बघायला मूर्तींपासून शस्त्रांपर्यंत खूप काही आहे. सगळी दालनं करायला जाऊ नका. दोन निवडा. तिथून गेटवे जवळच. पंचम जॉर्ज १९११ साली आला त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली, ती पुरी झाली १९२४ ला; आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण तिच्याखालूनच परत गेली. जवळच महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. परतताना पाय दुखले तर बस किंवा टॅक्सी करा. सीएसएमटीच्या समोर वडापाव खा. आतला बटाटा कुठल्या पठारावरचा, यावर गाडी येईपर्यंत वाद घालता येईल.

कामाच्या दिवशी अकरा-साडेअकराला मोकळे असाल तर चर्चगेट स्टेशनच्या बाहेर जा. डब्यांची वाटणी तिथे रस्त्यावरच चालते. बघून घ्या, पण बोलण्यात गुंतवू नका. ती माणसं घड्याळावर धावत असतात. त्यातलं कुणी तुमच्या शेजारच्या गावचं निघायचं.

काही मोह मात्र टाळा. घारापुरीला बोटीनेच तासभर लागतो, वर पायऱ्या, आणि सोमवारी लेणी बंद. लेणीच बघायची तर आपल्या जुन्नरला दोनशेहून जास्त आहेत. राणीची बाग बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी रांग किती चालेल याचा नेम नाही, आणि दर्शन अर्धवट सोडून निघायला मन घेत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर सीएसएमटीहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बॅगा घेऊन चढायचा विचारही करू नका. गाडी कुर्ला टर्मिनसहून असेल तर हा रस्ता सकाळीच उरका आणि हार्बर लाइनने चारच्या आत टिळकनगरला उतरा.

विमानाने जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. आता मुंबई विमानतळावरून भुयारी मेट्रो थेट सीएसएमटी आणि हुतात्मा चौकापर्यंत येते. पण परदेशच्या विमानासाठी तीन तास आधी परत हवं, म्हणून मध्ये आठ तासांहून कमी वेळ असेल तर विमानतळावरच आराम करा. परदेशात थांबा असेल तर शहरात पाऊल टाकायला तिथला व्हिसा लागतो का, हे तिकीट काढतानाच मुलांना विचारायला सांगा. सिंगापूरच्या विमानतळावर साडेपाच तासांहून जास्त थांबणाऱ्यांना मोफत शहरफेरी मिळते, पण तिथेही प्रवेशाची परवानगी लागतेच.

निघण्याआधी सगळ्यांनी मिळून एक जागा ठरवा, चुकामूक झाली तर तिथेच यायचं. आजीच्या कमरेच्या पिशवीत घरच्यांचे नंबर लिहिलेला कागद ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

शेवटचं सांगणं मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसांना. गावाकडचं कुणी गाडी बदलायला येणार असलं की तुम्ही मायेने म्हणता, घरी या, जेवूनच जा. घर असतं विरारला नाहीतर बदलापूरला. जाण्यायेण्यात चार तास जातात, निम्मं जेवण घड्याळाकडे बघत होतं, आणि पाहुणा दमून गाडीत बसतो. त्यापेक्षा अर्ध्या दिवसाची रजा काढा आणि डबा घेऊन तुम्हीच सीएसएमटीला या. ज्या शहरात तुम्ही आयुष्य काढलंत, ते शहर काकांना तुमच्याशिवाय दुसरं कोण दाखवणार? त्या निमित्ताने तुमचंही बघून होईल.