बुवा, कलम सात वाचा

आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. बसतो अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला. बाकी आम्ही सगळे पुण्यात. व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागच्या भिंतीवर दोन गिटारी टांगलेल्या दिसतात, म्हणून आम्ही त्याला आपापसात 'बुवा' म्हणतो. (एकदा त्याला अर्थ समजावून सांगितला. जाम खूश झाला. आता चॅटमध्ये स्वतःच 'बुवा' अशी सही करतो.) बुवा दिवसा आमचे बग काढतो आणि उरलेल्या वेळात कंट्री गाणी लिहितो आणि गातो.

कंट्री म्हणजे देशभक्तीपर नव्हे हो. गावाकडचं. गिटार, फिडल, बँजो आणि तीन कडव्यांत संपणारी एक सरळ गोष्ट. कॉलेजात मीही या गाण्यांना 'टोपीवाल्यांचं रडगाणं' म्हणायचो. आता नाही म्हणत.

तर झालं असं की काही महिन्यांपूर्वी बुवाला एका म्युझिक पब्लिशरने करार देऊ केला, आणि बुवाने मला विचारलं, "नोकरी सोडू का?" मला विचारायचं कारण एवढंच की टीममध्ये एक्सेल मला बरं येतं. माझे दोन वीकेंड त्यात गेले. पण त्या निमित्ताने जे कळलं त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. नव्या गायक-गीतकाराने नोकरीला शत्रू मानू नये. शत्रू असलाच तर तो न वाचलेल्या कागदात असतो.

नॅशव्हिलची दंतकथा सगळ्यांना माहीत असते. गिटार पाठीला लावायची, घरदार सोडायचं आणि तिथे जाऊन धडकायचं. डॉली पार्टन तर १९६४ मध्ये शाळेच्या पदवीदान समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी तिथे पोचली. वाचायला भारी वाटतं. पण दंतकथेतली इतर पात्रं जरा जवळून बघा. क्रिस क्रिस्टोफरसन ऑक्सफर्डला शिकलेला, लष्करात कॅप्टन. तो नॅशव्हिलला कोलंबियाच्या स्टुडिओत झाडू मारायचा. १९६६ मध्ये बॉब डिलन तिथे रेकॉर्डिंग करत होता तेव्हा हा गृहस्थ तिथला सफाई कामगार होता. पुढे पोटासाठी त्याने तेलाच्या विहिरींवर हेलिकॉप्टरही चालवलं.

आणि आपला खास माणूस म्हणजे डॉन श्लिट्झ. व्हँडरबिल्ट विद्यापीठात रात्रपाळीचा कॉम्प्युटर ऑपरेटर! म्हणजे आपल्याच जातकुळीतला. १९७६ मध्ये, तेविशीत, त्याने 'द गॅम्बलर' लिहिलं. ते केनी रॉजर्सच्या आवाजात गाजायला १९७८ उजाडलं. मधली दोन वर्षं ज्या माणसाकडे पगार नसता, त्याने ते गाणं किती स्वस्तात विकलं असतं, कोण जाणे.

याच श्लिट्झने १९८५ मध्ये तीन मित्रांबरोबर ब्लूबर्ड कॅफेत एक वेगळीच बैठक सुरू केली. स्टेजवर न चढता खोलीच्या मधोमध गोल करून बसायचं, आळीपाळीने स्वतः लिहिलेलं गाणं म्हणायचं, प्रेक्षक चहूबाजूंनी. ब्लूबर्ड हा एका साध्या दुकानांच्या रांगेतला ९० खुर्च्यांचा कॅफे आहे, १९८२ पासूनचा. गाणं चालू असताना बोलायला बंदी. गार्थ ब्रुक्सला आधी नाकारणाऱ्या कंपनीने त्याला इथे ऐकलं आणि करार केला. सोमवारी नवख्यांसाठी ओपन माइक असतो. बुवाही तिथे जाऊन आलाय. (दुसऱ्या कडव्याचे शब्द विसरला, असं तो स्वतःच सांगतो.)

याउलट शहरातल्या ब्रॉडवेवरच्या बारमध्ये सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत जिवंत संगीत असतं, तिकीट नाही, आणि वादकांची मुख्य कमाई बरणीत पडणारी टीप. तिथे लोकांना त्यांची आवडती जुनी गाणी हवी असतात, तुमची नवी नकोत. गळा तयार होतो हे खरं. पण गीतकाराचं करिअर त्यातून होत नाही.

आता पैशाकडे येऊ. (ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नका.)

अमेरिकेत रेकॉर्डच्या प्रत्येक प्रतीमागे गाणं लिहिणाऱ्या बाजूला ठरावीक रक्कम मिळते. २००६ ते २०२२ हा दर गाण्याला ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये १२ झाला आणि त्यानंतर महागाईप्रमाणे वाढतो. गंमत अशी की सीडी विकली जायची अख्खी. समजा एखाद्या बड्या गायकाची सीडी दहा लाख खपली आणि त्यात नववं गाणं तुमचं. रेडिओवर ते कधी वाजलं नाही, कुणाला आठवतही नाही. तरी ९.१ सेंटने ९१,००० डॉलर झाले. तिघांनी मिळून लिहिलं असेल तर माणशी तीस हजार, त्यातला निम्मा वाटा पब्लिशरचा धरला तरी पंधरा हजार हातात. अशी वर्षाला दोन-तीन 'नववी गाणी' लागली की घर चालायचं. नॅशव्हिलमध्ये कुणाला तोंडाने माहीत नसलेले कितीतरी गीतकार यावर जगले. तो तिथला मध्यमवर्ग.

स्ट्रीमिंगने हा मध्यमवर्ग मारला. लोक हिट गाणं शंभरदा ऐकतात, नववं ऐकतच नाहीत. स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियम केला की वर्षात १००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकच्या रेकॉर्डिंगला काहीच मिळणार नाही. नवख्याची पहिली दहा गाणी बहुधा याच खड्ड्यात पडणार. त्यामुळे 'आवडीच्या मागे जा, पैसा आपोआप येईल' असं सांगणाऱ्यांचा मला हल्ली भयंकर राग येतो. सांगणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात पगार एक तारखेला पडलेला असतो.

मग व्हायरल होणारे? आहेत ना. ऑलिव्हर अँथनीचं २०२३ चं गाणं थेट बिलबोर्डच्या पहिल्या नंबरवर उतरलं. त्याआधी हा माणूस कुठल्याच यादीत नव्हता. पण ती लॉटरी झाली. लॉटरी लागते हे खरं असलं तरी तिच्यावर गृहकर्ज काढत नाहीत. झॅक ब्रायनचं उदाहरण मला जास्त पटतं. त्याची गाणी २०१९ मध्ये फोनवरच्या व्हिडिओंतून पसरली तेव्हा तो अमेरिकी नौदलात नोकरीला होता, आणि २०२१ पर्यंत होता.

आता बुवाचा करार. पब्लिशर दरमहा एक रक्कम देणार. समजा २००० डॉलर. याला बुवा 'पगार' म्हणत होता. ते खरं तर कर्ज आहे! गाण्यांच्या पुढच्या कमाईतून ते आधी वळतं होणार. बदल्यात वर्षाला १२ गाणी द्यायची. बारा म्हणजे किस झाड की पत्ती, असं मलाही वाटलं. पण तिथे गाणी बहुतेक दोघं-तिघं मिळून लिहितात, आणि तिघांत लिहिलेलं गाणं कोट्यात एक तृतीयांश धरलं जातं. म्हणजे ३६ झाली. दहा-बारा दिवसांना एक. हे सेशन भरतात कधी, तर सकाळी दहा-अकराला. नेमकी आमच्या रोजच्या कॉलची वेळ. त्यामुळे 'नोकरी सांभाळून कर' हे माझं लाडकं मत इथे जरा लंगडं पडलं, हे कबूल.

पब्लिशर म्हणजे खलनायक, असंही नाही. ख्रिस स्टेपलटनला २००१ मध्ये नॅशव्हिलला आल्यावर काही दिवसांतच असा करार मिळाला. चौदा वर्षं तो मुख्यतः दुसऱ्यांसाठी लिहीत राहिला आणि २०१५ मध्ये त्याचा स्वतःचा पहिला अल्बम आला. ती चौदा वर्षं कुणीतरी निभावून नेली.

माझा जीव अडकला कलम सातमध्ये. त्यात लिहिलं होतं की बुवाने आजवर लिहिलेली सगळी गाणीसुद्धा करारात येतील. सगळी! नऊ वर्षांची. आणि त्यासाठी वेगळा एक पैसाही नाही.

इथे मी इंजिनिअर म्हणून चिडलो. आपण कंपनीत लिहिलेली प्रत्येक ओळ कंपनीची असते, आपण सही करून टाकतो आणि विसरतो. अमेरिकेत गीतकाराने १९७८ नंतर स्वतः दिलेले हक्क साधारण ३५ वर्षांनी परत मागता येतात, नोकरीत लिहिलेल्या कोडला ती सोय नाही. आपल्याकडे चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा सोडून देता न येणारा हक्क मिळायला २०१२ ची कायदादुरुस्ती यावी लागली. आणि हा बुवा फुकटात देऊन मोकळा होणार होता.

मी त्याला डॉली पार्टनची गोष्ट लिहून पाठवली. तिचं १९७४ चं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' एल्विसला गायचं होतं. त्याच्या मॅनेजरने गाण्याचे अर्धे प्रकाशन हक्क मागितले. ती नाही म्हणाली, आणि त्या रात्री रडली. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं, तेव्हा हक्क डॉलीकडेच होते. दुसरी गोष्ट ट्रेसी चॅपमनची. १९८८ चं 'फास्ट कार' ल्यूक कोम्ब्सने २०२३ मध्ये पुन्हा गायलं आणि कंट्री रेडिओवर पहिल्या नंबरला नेलं. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्याच्या बाजूला जातात, गायकाला रेकॉर्डिंगचे मिळत नाहीत. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचं सर्वोत्तम गाण्याचं पारितोषिकही तिलाच मिळालं, ३५ वर्षांनंतर.

बुवाने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मला वाटलं, दुखावला. मग कळलं की वकील शोधत होता. वकिलाने कलम सात काढायला लावलं. पब्लिशरने दरमहाची रक्कम कमी केली. बुवाने सही केली.

राहिला नोकरीचा प्रश्न. त्याने आमच्या मॅनेजरला मेल लिहिली की मला भारतातल्या वेळेत काम करू द्या. आता आम्ही सकाळी साडेदहाला चहा घेऊन बसतो तेव्हा नॅशव्हिलला मध्यरात्र असते, आणि बुवा ऑनलाइन असतो. श्लिट्झची पाळी. मागच्या भिंतीवर एकच गिटार दिसते. दुसरी मांडीवर असावी, कारण माइक म्यूट करायला तो अधूनमधून विसरतो.