पट्टीचे श्रेय औषधाला

किरकोळ जखमेवर लावायच्या पट्टीचे भाग दोनच: कातडीला धरून राहणारी चिकटपट्टी आणि तिच्या मधोमध बसवलेली छोटी गादी. ‘मेडिकेटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीत या गादीला जंतुनाशक लावलेले असते. भारतात ते बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असते. काही पट्ट्यांत चांदीचा वापर होतो. या औषधामुळे कापलेले लवकर भरून येते, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो इतका रुळला आहे की साधी, बिनऔषधाची पट्टी मुद्दाम मागून घेणारे गिऱ्हाईक विरळाच. या समजात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. पट्टी उपयोगी पडते, हे खरे. ती गादीतल्या औषधामुळे उपयोगी पडते, याला मात्र भक्कम आधार नाही.

पूर्वपक्ष असा. कातडी फाटली की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. माणसाच्या त्वचेवर आणि नाकपुड्यांत स्टॅफिलोकॉकससारखे जंतू एरवीही वावरत असतात. चिघळलेली जखम भरायला वेळ लागतो, याविषयी दुमत नाही. बेन्झाल्कोनियम जंतू मारते, याविषयीही नाही. गेरहार्ट डोमाक या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ साली या जातीच्या संयुगांचा जंतुनाशक गुण दाखवून दिला. पहिले सल्फा औषध पुढे आणून नोबेल मिळवणारा डोमाक तो हाच. या संयुगाच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. तो जंतूच्या ऋणभारित आवरणाला जाऊन चिकटतो, आवरण विस्कटते आणि जंतू मरतो. तेव्हा औषधाने जंतू मरतात, जंतू मेल्याने संसर्ग टळतो आणि संसर्ग टळल्याने जखम लवकर भरते, अशी ही साखळी आहे. वरवर पाहता तिची एकही कडी ढिली वाटत नाही.

पहिलीच कडी ढिली आहे. बेन्झाल्कोनियम जंतू मारते ते स्वच्छ पाण्यात किंवा प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. जखमेत पाणी नसते. रक्त असते, लस असते, मेलेल्या पेशी असतात. त्यांतल्या प्रथिनांना हे औषध चिकटते आणि तिथेच त्याचा जोर सरतो. साबणाशीही त्याचे जमत नाही: जखम धुताना साबणाचा अंश मागे राहिला, तर दोघे एकमेकांना निकामी करतात. कापसाच्या तंतूंनाही ते घट्ट धरून बसते, ही अडचण रुग्णालयातली फरशी याच औषधाने पुसणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. म्हणजे गादीतले बरेचसे औषध गादीतच राहते. धनुर्वाताच्या जंतूंच्या बीजाणूंवर तर त्याची मात्राच चालत नाही, आणि स्यूडोमोनस जातीचे काही जंतू असे चिवट की बेन्झाल्कोनियमच्या द्रावणाच्या बाटलीतच ते वाढल्याच्या नोंदी आहेत.

जंतुनाशक आणि जखम यांचे वाकडे जुने आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन येथील लष्करी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होते. सैनिकांच्या जखमांत त्या काळची कडक जंतुनाशके ओतली जात होती, तरी जखमा पिकतच होत्या. फ्लेमिंग यांनी एक काचेची नळी तापवून तिला काट्यांसारखी पोकळ टोके काढली. गोळ्याच्या तुकड्याने झालेल्या, कानाकोपऱ्यांच्या जखमेची ती प्रतिकृती होती. नळीत जंतूंनी भरलेला द्रव ओतला, मग तो काढून जंतुनाशक भरले, तेही काढून पुन्हा स्वच्छ पोषक द्रव घातला. काट्यांच्या टोकांत दडलेले जंतू शाबूत होते आणि ते पुन्हा वाढले. शिवाय जंतुनाशकाने जंतूंआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरत होत्या, म्हणजे शत्रू राहिला बाजूला आणि आपलीच फौज कापली गेली. १९१९ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधील व्याख्यानात त्यांनी हे सारे मांडले. पेनिसिलिन त्यानंतर नऊ वर्षांनी सापडले. अर्थात, युद्धातली खोल जखम आणि बोटावरची चीर यांना एका मापाने मोजता येणार नाही, आणि पट्टीतले औषध इतके थोडे असते की त्याने पेशींचा संहार होतो असे म्हणणे ही उलट बाजूची अतिशयोक्ती ठरेल. फ्लेमिंग यांच्या प्रयोगातून घ्यायचे ते एवढेच: जंतू मारण्याची ताकद आणि जखम भरवण्याची ताकद या एक गोष्टी नव्हेत.

पूर्वपक्षाजवळ याहून भारी एक पुरावा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाके घातलेल्या जखमांवर प्रतिजैविकाचे मलम आणि साधी पेट्रोलियम जेली यांची तुलना केली गेली. जेली लावलेल्यांपैकी १७.६ टक्के रुग्णांना संसर्ग झाला. बॅसिट्रासिन हे प्रतिजैविक लावलेल्यांत हे प्रमाण ५.५ टक्के आणि तिहेरी प्रतिजैविकाच्या मलमात ४.५ टक्के होते. हा फरक लहान नाही. पण तो कशातला, हे पाहायला हवे. त्या जखमा तातडीच्या विभागात आलेल्या, टाके घालावे लागलेल्या होत्या आणि संसर्गांपैकी बरेचसे टाक्यांच्या भोकांतले होते. औषधही प्रतिजैविक होते, पट्टीतले जंतुनाशक नव्हे. पुढच्याच वर्षी ‘जामा’ या नियतकालिकात ९२२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्वचेवरच्या छोट्या, निर्जंतुक शस्त्रक्रियांनंतर एका गटाला बॅसिट्रासिन आणि दुसऱ्याला पांढरी पेट्रोलियम जेली देण्यात आली. संसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही आणि जखमा भरण्यातही नाही. बॅसिट्रासिनच्या गटात मात्र काही जणांच्या त्वचेला ॲलर्जी झाली. बोटावरची साधी चीर यांपैकी कोणत्याच जखमेइतकी मोठी नसते. जिथे संसर्गच मुळात क्वचित होतो, तिथे तो टाळल्याचे श्रेय औषधाला देण्याजोगी जागा फारशी उरत नाही.

तरीही ‘आम्ही कायम औषधी पट्टीच लावतो आणि चार दिवसांत भरते’ हा अनुभव घरोघरचा आहे. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली. छोटी चीर औषधी पट्टीने चार दिवसांत भरते, साध्या पट्टीनेही साधारण तितक्याच दिवसांत भरते. कोणी एकाच वेळी दोन बोटे कापून तुलना करत नाही, म्हणून समज टिकून राहतो.

आता दुसरा पूर्वपक्ष, जो वाडवडिलांचा आहे: पट्टीच नको, जखमेला वारा लागू द्या, खपली धरू द्या. पट्टीचे खरे समर्थन याच्याच खंडनातून उभे राहते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी ‘नेचर’मध्ये डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वरवरच्या सारख्या जखमांपैकी काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली, आणि पुढच्याच वर्षी माणसांवरच्या प्रयोगातही तोच कल दिसला. कारण सरळ आहे. नव्या कातडीच्या पेशी जखमेच्या कडांकडून मध्याकडे सरकत येतात आणि त्यांना चालायला ओल लागते. खपली धरली की वरचा थर सुकतो. मग या पेशींना खपलीखाली, जिथे ओल शिल्लक आहे तिथपर्यंत, खोल वाट काढत जावे लागते. पट्टी ओल राखते, धूळ आणि नखे दूर ठेवते आणि भरत आलेली चीर पुन्हा उकलू देत नाही. न्यू जर्सीत १९२० साली अर्ल डिक्सन यांनी स्वयंपाकघरात वारंवार बोटे कापून घेणाऱ्या आपल्या पत्नीसाठी चिकटपट्टीवर गॉजचे तुकडे बसवले, तेव्हा त्या युक्तीचे मर्म झाकणे हेच होते.

भाजी चिरताना विळीचे पाते बोटाच्या पेराला लागले, तर स्वच्छ फडक्याने ते पाच-दहा मिनिटे सलग दाबून धरावे. दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहिले की धरू लागलेली गुठळी सुटते. रक्त थांबले की जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुवावी. पिण्याजोग्या नळाच्या पाण्याने जखम धुतल्यास सलाइनपेक्षा संसर्ग वाढत नाही, असे या विषयावरच्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. पाण्याची खात्री नसेल तर उकळून गार केलेले घ्यावे. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात आणि त्यावर साधी पट्टी. पट्टी भिजली की बदलायलाच हवी. दिवसभर धुणीभांडी करून ओली राहिलेली पट्टी काढल्यावर खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसते. ती कातडी कमजोर झालेली असते, आणि तिला गादीतले औषध वाचवत नाही.

हळदीचा मुद्दाही इथे निघतोच. जखमेवर हळद लावण्यासाठी अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली लढून १९९७ साली रद्द करवले. त्या विजयाने हा उपाय नवा नाही, एवढे सिद्ध झाले. हळदीने चीर लवकर भरते की नाही, हा प्रश्न त्या लढ्यात नव्हताच. डब्यातली, चमचा-बोटे लागलेली हळद उघड्या जखमेत भरणे शहाणपणाचे नाही.

औषधी पट्टी लावल्याने अपाय होतो असे नाही. काहींना खाज सुटते, पुरळ येते, बहुतेकांना काहीच होत नाही. घरात तीच असेल तर तीच लावावी. खरा धोका तिच्यावर टाकलेल्या भरवशाचा आहे. गंजका खिळा पायात घुसला तर कोणतीही पट्टी धनुर्वात रोखत नाही. त्यासाठी लस लागते, आणि मळलेल्या जखमेच्या वेळी आधीच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी लागते. प्राण्याने चावा घेतला असेल, जखमेची तोंडे मिटत नसतील, भोवताली लाली पसरत असेल, ठणका वाढत असेल किंवा ताप आला असेल, तर पट्टी बदलत बसू नये, डॉक्टर गाठावा. मधुमेही माणसाच्या पायावरची जखम कितीही लहान असली तरी तिला किरकोळ समजू नये. ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.