डंबेल उचलतो, बादली नाही

परवा जिममधून आलो आणि आईला ऐकवलं, "घरच्या जेवणात प्रोटीनच नसतं गं!" ती तेव्हा गच्चीवर पाण्याची बादली चढवत होती. कुंड्यांतल्या मेथीला, पिंपातल्या शेवग्याला. आणि मी खांद्याला बॅग लावून उभा!

मंडळी, १०० ग्रॅम कोरड्या मटकीत साधारण २३ ग्रॅम प्रोटीन असतं, शेंगदाण्यात २५. पावडरचा महागडा डबा हवाच असं काही नाही. पण "घरचं सकस खा" म्हणणाऱ्यांनाही माझा सवाल आहे: मटकी भिजवणार कोण? मेथी निवडणार कोण? तब्येत तुमची, आणि राबायचं आईनं? व्यायामच करायचाय ना, मग आधी बादली उचला.

असो. आजपासून गच्चीचं पाणी माझ्याकडे. बघू किती दिवस टिकतोय ते!