ती बेवा नाही, म्हणून यादीत नाही

पालकसभेत मी हजेरीपटाच्या क्रमाने नावं पुकारते. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीचं नाव घेतलं आणि तिची दादी उठून उभी राहिली. मी सवयीने विचारलं, "वालिद क्यूं नहीं आते? हर बार आप ही को तकलीफ देते हैं." वर्गात कुजबूज झाली. मुलगी बाकाकडे बघत राहिली. सभा संपल्यावर दुसऱ्या एका आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आपा, वो अंदर हैं." अंदर. आमच्या मोहल्ल्यात जेल हा शब्द मोठ्याने कुणी उच्चारत नाही.

बीएडला बालमानसशास्त्र शिकले होते. त्या दिवशी त्याचा काही उपयोग झाला नाही.

दोन दिवसांनी माफी मागायला त्यांच्या घरी गेले. मुलीची आई साड्यांना फॉल-पिको करत होती. गल्लीतल्या भांडणात एक माणूस मेला आणि पकडलेल्यांत तिचा नवरा होता. त्याने काय केलं, काय नाही, हे मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. ती बोलली ती भाड्याबद्दल, गटाच्या हप्त्याबद्दल आणि मुलाखतीबद्दल.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून या शब्दापाशी थांबले. उर्दूत मुलाकात म्हणजे भेट. मराठीत तिची मुलाखत झाली आणि ती नोकरीसाठी नाहीतर टीव्हीवर होऊ लागली. तुरुंगाच्या दारात मात्र मराठीतही मुलाखत म्हणजे भेटच. या भेटीसाठी तिला पहाटेची एसटी धरावी लागते. आधार कार्ड, कडेवर धाकटा, पिशवीत नवऱ्याचे धुतलेले कपडे. नाव नोंदवायचं, रांगेत थांबायचं, आणि नंबर लागला की काचेपलीकडच्या माणसाशी फोनवर बोलायचं. धाकटा काचेवर हात मारत राहतो. तोवर वेळ संपते. त्या दिवसाची कमाई बुडते ती वेगळीच. शिवाय आतल्या कँटीनसाठी मनीऑर्डर करायची. पूर्वी तारखेला कोर्टात तरी नवरा समोरून दिसायचा. आता पुष्कळदा त्याला तुरुंगातूनच व्हिडिओवर हजर करतात.

आपल्या समाजाला तुरुंग माहीत नाही असं नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत नऊ मुस्लिम तरुणांवर आरोप ठेवले गेले; २०११ मध्ये जामीन झाला आणि २०१६ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपांतून मुक्त केलं. २००६ च्याच मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बाराही जणांची निर्दोष सुटका केली. त्यांतला एक जण त्याआधीच कैदेत वारला होता. अशा खटल्यांसाठी जमियत उलमाच्या इथल्या लीगल सेलने, मरहूम गुलजार आझमींनी, वर्षानुवर्षं वकील उभे केले. ते काम मोठं आहे, आणि त्यासाठी लोकांनी पैसे दिले याचा मला अभिमान आहे.

पण वकिलाची फी भरली म्हणजे घरात पीठ येत नाही. आणि ज्या खटल्याची बातमी होत नाही, जिथे नवरा मारामारीत, चोरीत किंवा गांजात सापडला, तिथे तर कुणीच फिरकत नाही. उलट नातेवाईक सांगतात, खुला घेऊन मोकळी हो. घरमालक खोली रिकामी करायला सांगतो. गुन्हा त्याने केलाही असेल. तिने काय केलंय?

मोहल्ल्याच्या बैतुलमालचा फॉर्म मी पाहिला. बेवा, यतीम, बीमार, तालीम असे चार रकाने. ही बेवा नाही, मुलं यतीम नाहीत. जबाबदार साहेब सज्जन माणूस आहेत, ते म्हणाले, "इनका तो शौहर जिंदा है." सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितलेत त्यांत फकीर आणि मिसकीन पहिले आहेत, तिथे नवऱ्याच्या जिवंत असण्याची अट मला तरी दिसली नाही. सूरह दहरमध्ये तर मिसकीन आणि यतीम यांच्या जोडीला कैद्याला जेवू घालण्याचा उल्लेख आहे. कैद्यासाठी ताट वाढायचं आणि त्याची मुलं उपाशी ठेवायची, हा कसला हिशेब?

सरकारी यादीचीही तीच गत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कैद्याच्या पत्नीला जागा आहे, महिन्याला १,५०० रुपये. हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम लिहिते. पण शब्द आहेत ‘तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी’. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले. चारातल्या तिघांच्या बायका या एका शब्दामुळे बाहेर. मी तिला घेऊन तहसीलला गेले तेव्हा खिडकीवर विचारलं गेलं, "शिक्षेची ऑर्डर कुठंय?"

काही गोष्टी मात्र आजही होण्यासारख्या आहेत. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं लिहिलंय. तालुका कोर्टातच त्याची समिती असते. हिने ते कळण्याआधीच बांगड्या विकल्या होत्या. मुलांसाठी बाल संगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करता येते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतो आहे. आपल्या तालुक्यांत तसं काही उभं राहिलं नाही. अर्ज भरून देणारी, मुलाखतीच्या दिवशी धाकट्याला सांभाळणारी एखादी बाई तरी गल्लीत हवी. आणि आम्हा शिक्षकांनी ‘वालिद कुठंत?’ हे सगळ्यांसमोर विचारणं बंद करावं. मी केलंय.

रमजानच्या आधी बैतुलमालची बैठक आहे. फॉर्ममध्ये पाचवा रकाना घाला, असं पत्र मी आणि आणखी तीन शिक्षिकांनी मिळून दिलंय. ‘गौर करेंगे’ असं उत्तर आलं. ती मुलगी आता दहावीत आहे. परवा शाळेत आली तेव्हा तिने विचारलं, "आपा, रकाने का नाम क्या रखेंगे?" आम्ही अजून ठरवलेलं नाही.